भाच्याचा ड्रोन आणि मावशीचं विमान

पत्र थोडक्यात

मूळच्या जालना जिल्ह्यातल्या आणि आता एका विमान कंपनीत सहवैमानिक असलेल्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरताना, जमिनीला टेकायला साधारण अर्धं मिनिट उरलेलं असताना, त्यांच्या उजव्या बाजूने विमानाच्या थोडं खालून काहीतरी काळं, चौकोनी झर्रकन मागे गेलं. तो ड्रोनच होता अशी त्यांची खात्री आहे. कॅप्टनने टॉवरला कळवलं आणि विमान सुखरूप उतरलं. पुढच्या आठवड्यात थोरल्या बहिणीकडे जेवायला गेल्या तेव्हा २२ वर्षांच्या भाच्याने कौतुकाने मोबाइल पुढे केला. ‘मावशी, बघ की, विमान वरून कसं दिसतंय!’ तो आणि त्याचे चार-पाच मित्र दर रविवारी विमानतळाजवळच्या मोकळ्या प्लॉटवर ड्रोन उडवतात. उतरत्या विमानाचं रील करून त्यांनी टाकलं होतं आणि त्याला भरपूर लाइक मिळाले होते. ताईंनी त्याला झापलं. तो ताटावरून उठून गेला. बहीण म्हणाली, ‘लेकराच्या मागं कशाला लागायलीस माय? हौस हाय त्याची. कुणाचं काय वाकडं झालं का?’ ताईंनी कुणाचं नाव न घेता एका पोलीस ठाण्यात विचारून पाहिलं. ‘नुकसान झालंय का काही? नाही? मग लेखी द्या, बघू,’ एवढंच उत्तर मिळालं. आणखी एक गाठ आहे. ताईंच्या वैमानिक प्रशिक्षणाच्या फीसाठी याच बहिणीने आणि दाजींनी दोन एकर रान विकलं होतं. ताई विचारतात, ‘तक्रार केली तर बहीण तुटते. गप्प बसले आणि उद्या काही झालं, तर कुठल्या तोंडाने विमानात बसू? नियम कागदावर आहेत, पाळतंय कोण? या खेळण्यांवर सरसकट बंदी का घालत नाहीत? मी काय करू?’

ताई,

तुमचं पत्र वाचताना मला २६ एप्रिल १९९३ ची दुपार आठवली. तुम्ही तेव्हा लहान असाल, भाचा तर जन्मलाही नव्हता. मुंबईला निघालेलं बोइंग ७३७ याच चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून उडालं, पण पुरेसं वर गेलं नाही. कुंपणापलीकडे बीडच्या रस्त्याने कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची चाकं त्या ट्रकला लागली, पुढे विजेच्या तारा आल्या आणि विमान कोसळलं. आतल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन दोष पुढे आले. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचललं हा एक. विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक आवरली गेली नाही हा दुसरा.

मला त्या ट्रकवाल्याचा विचार नेहमी येतो. तो त्याच्या रस्त्याने, त्याच्या कामाला निघाला होता. धावपट्टीच्या टोकाबाहेरचं आभाळ हाही एक रस्ता आहे आणि तिथे कुणीतरी पूर्ण वेगाने येतंय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या भाच्याची स्थिती त्याच्याइतकी निरागस आहे असं मी म्हणणार नाही. पण जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ते आभाळ रिकामं दिसतं, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट आधी सोडवून घेऊ. तुम्ही पाहिलेला ड्रोन आणि भाच्याच्या रीलमधला ड्रोन एकच, असं तुम्ही कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही, पण पत्राची प्रत्येक ओळ तसं धरून चालली आहे. ते आधी तपासा. रीलवरून कळणार नाही, मूळ फाईल मागा. तिच्यात तारीख आणि वेळ असते. ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा कुठून उडाला, किती उंच गेला याचीही नोंद असते. ती तुमच्या उड्डाणाच्या तारखेशी आणि वेळेशी ताडून बघा. जुळलं नाही, तर तुमच्या रागातला निम्मा भाग दुसऱ्याच कुणाचा आहे आणि तो भाच्यावर काढणं बरं नाही. हे सांगायचं कारण असं की आकाशात क्षणभर दिसलेल्या वस्तूबद्दल अनुभवी डोळेही फसतात. घार असते, तुटलेला पतंग असतो, वाऱ्यावर चढलेली प्लास्टिकची पिशवी असते. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या खबरांमुळे सुमारे १,००० उड्डाणं आणि १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. एवढा तपास होऊनही त्या प्रकरणात कुणावर गुन्हा सिद्ध झाला नाही. म्हणून तुमच्या अहवालात ‘मला अमुक वेळी, अमुक बाजूला, अमुक आकाराचं दिसलं’ एवढंच असू द्या.

अर्थात वेळ जुळली नाही तरी भाच्याची सुटका होत नाही. त्याने उतरत्या विमानाच्या वाटेत ड्रोन नेला, हे त्याने स्वतःच चित्रीकरण करून जगाला दाखवलं आहे.

तुम्ही त्याला झापलं असं लिहिलं आहे. काय सांगितलं ते लिहिलेलं नाही. ‘अक्कल आहे का’, ‘जेलमध्ये जाशील’, अशा धर्तीचं काही असावं असा माझा अंदाज आहे. राग समजतो मला. पण त्या पोराला तुमच्या खुर्चीतून काय दिसतं ते त्या दिवशी कळलं का? ते त्याला सांगू शकेल असं त्याच्या ओळखीचं जगात एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही. म्हणून मी तुम्हाला पोलीस ठाण्याच्या आधी एका रविवारी त्याच्यासोबत बसायला सांगणार आहे. कागद-पेन घेऊन. हा पोरगा यंत्रात रमणारा आहे, त्याला आकडे पटतील, ओरडणं पटणार नाही.

त्याला हे गणित करायला लावा. विमान उतरताना साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं, म्हणजे दर किलोमीटरला ५० मीटरच्या वर खाली येतं. धावपट्टीच्या टोकापासून २ किलोमीटरवर ते किती उंच असेल? टोक ओलांडताना ते १५ मीटरच्या आसपास असतं हे धरलं तर उत्तर येतं १२० मीटर. म्हणजे ४०० फूट. ड्रोनवाल्या मुलांच्या तोंडी हा आकडा कायम असतो, ‘४०० फुटांपर्यंत चालतंय की’. खुल्या माळरानावर चालतं. चिकलठाण्याच्या धावपट्टीसमोर त्याच ४०० फुटांवर त्याची मावशी असते. तेव्हा तिच्या विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. दोन वितींचा ड्रोन तिला ३०० मीटरवरून दिसला असं अगदी उदारपणे धरलं, तरी तिच्या हातात चार सेकंद उरतात. त्या चार सेकंदांत ती वेग बघत असते, धावपट्टीची रेषा बघत असते, वाऱ्याला तोंड देत असते. आणि मागे शंभरावर माणसं पट्टे बांधून बसलेली असतात.

‘घारी-कबुतरं धडकतातच की’ असं तो म्हणेल. म्हणू द्या. पक्ष्याच्या अंगात पाणी, मांस आणि पोकळ हाडं असतात. ड्रोनमध्ये धातूच्या मोटारी, घट्ट चौकट आणि लिथियमची बॅटरी असते. अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये सुमारे एक किलोचा ड्रोन एका लहान विमानाच्या पंखावर ताशी ३८० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने सोडून पाहिला. तो पंखाचा पत्रा फाडून आत घुसला आणि ज्या आडव्या तुळईवर पंख तोललेला असतो तिला इजा झाली. तितक्याच वजनाची पक्ष्यासारखी जेलची वस्तूही त्यांनी मारून पाहिली होती. तिने बाहेरचा पत्रा जास्त चेपला, पण ड्रोन जास्त खोल गेला.

त्याला जानेवारी २०२५ ची लॉस एंजेलिसची गोष्ट जरूर सांगा, कारण त्या गोष्टीतला माणूस त्याच्यासारखाच हौशी होता. डोंगरावर वणवा पेटला होता. एका माणसाने आग कशी दिसते ते बघायला पार्किंगच्या इमारतीवरून ड्रोन सोडला. तो अडीच किलोमीटर लांब गेला आणि त्याच्या नजरेआड झाला. आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखाला तो धडकला. मुठीएवढं भोक पडलं. विमान उतरलं, पण आग भडकलेली असताना ते दुरुस्तीसाठी जमिनीवर बसून राहिलं. त्या माणसाला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात नव्हतं. ते त्याच्या मनात नव्हतं याचा त्या पंखाला काहीच उपयोग झाला नाही.

इथे थोडं थांबून इतर वाचकांसाठी सांगते. हा प्रश्न विमानतळ असलेल्या गावांपुरता आहे असं समजू नका. मराठवाड्यात सगळ्यात खालून उडतं ते हेलिकॉप्टर, आणि त्याला धावपट्टी लागत नाही. शाळेच्या मैदानावर, साखर कारखान्याच्या आवारात, कुठेही उतरतं. मे २०१७ मध्ये निलंग्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर तारांमध्ये अडकून कोसळलं आणि सगळे थोडक्यात वाचले. तारा तरी जागच्या जागी असतात, पायलटला आधी सांगता येतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंड्याच्या बाजूला अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. अशा वेळी पुराचं ‘वरून दृश्य’ घ्यायला कुणी ड्रोन चढवला, तर गच्चीवर लेकरू कडेला घेऊन वाट बघणाऱ्या बाईची सुटका लांबते. सभेच्या दिवशी हेलिपॅडभोवती घिरट्या घालणाऱ्या हौशी मंडळींनीही हे ऐकावं. पुढच्या वेळी पूर आला तर तुमच्या ओळखीच्या ड्रोनवाल्याला आधी फोन करा आणि तो खालीच ठेवायला सांगा. प्रशासनाने मागितला तर गोष्ट वेगळी.

आता तुमचा दुसरा मुद्दा, ताई. नियम कागदावर आहेत, म्हणून बंदी घाला. माझं मत तुमच्या उलट आहे आणि त्याचं कारण तुमच्याच घरात आहे. परदेशी तयार ड्रोन आयात करायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्याकडे बंदीच आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद. तरी भाच्याकडे ड्रोन आहे. कुठून घेतला, बिल आहे का, हे तुम्ही विचारलं आहे का? परदेशी बनावटीचा, बिनबिलाचा माल असेल तर बंदी त्याच्या हातातच बसलेली आहे आणि उडतेही आहे. बंदी अजून कडक केली तर पहिला फटका त्याला बसणार नाही. बचत गटातली जी बाई रीतसर प्रशिक्षण घेऊन कापसावर, सोयाबीनवर फवारणीचा ड्रोन चालवते, तिला तो बसेल. गावठाणाच्या मोजणीला आलेल्या ड्रोनमुळे ज्यांना घराची सनद मिळाली, त्या लोकांना तुम्ही हे खेळणं आहे असं सांगू शकणार नाही.

आणि अज्ञानातून काय होतं ते आपण २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला पाहिलं आहे. पैठण, अंबड, गेवराईच्या पट्ट्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. चोरांची टेहळणी आहे असं कुणी म्हणायचं, आणखी कुणी दुसरंच काही. ड्रोन कुणाचा, कशासाठी, कुणाच्या परवानगीने, हे विचारायची सोय लोकांना माहीत नसली की भीतीच उरते. म्हणून मला बंदीपेक्षा प्रत्येक ड्रोनवर क्रमांक आणि त्या क्रमांकामागे एक नाव असणं जास्त मोलाचं वाटतं. नियमही तेच मागतो.

नियम काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण भाच्याला आणि त्याच्या मित्रांना तो माहीत नाही याची मला जवळजवळ खात्री आहे. २५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत. ड्रोनची नोंदणी करून एक ओळख क्रमांक घ्यावा लागतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर देशाचा नकाशा आहे, हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, त्याच्या वर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय एक फूटही नाही. चिकलठाण्याला हे लावून बघा, सिडको, मुकुंदवाडी, बीड बायपासवरची लॉन्स आणि मंगल कार्यालयं, सगळं आत येतं. नांदेडकरांनी आणि लातूरकरांनीही आपापल्या गावाचा नकाशा एकदा उघडून बघावा.

हौस आणि धंदा यातला फरकही त्याला सांगा. २ किलोपर्यंतचा ड्रोन निव्वळ हौसेने उडवायला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण लग्नात चित्रीकरणाचे पैसे घेतले की ती हौस उरत नाही. मग २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला प्रमाणपत्र हवंच, आणि त्या वजनाच्या वर, हौस असो की धंदा, तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही हवा. २५० ग्रॅमच्या आतल्या छोट्या ड्रोनला या दोन्हींतून सूट आहे. नकाशातून सूट नाही. ‘माझा तर छोटाच आहे’ हे धावपट्टीसमोर चालत नाही.

पोलीस ठाण्यात तुम्हाला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं, पण मी त्या हवालदाराला वाईट माणूस म्हणणार नाही. त्याच्याकडे ड्रोन किती उंच आहे हे मोजायला काही नसतं आणि तुम्ही नाव, जागा, वेळ काहीच दिलं नव्हतं. त्याने काय लिहून घ्यायचं? ‘नुकसान झालंय का’ हा प्रश्न मात्र गैरलागू आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेदरकार कृत्याबद्दलच आहे, इजा झालेली असावीच लागते असं नाही. शिवाय ड्रोन नियम मोडल्याबद्दल १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल, म्हणजे ड्रोनसाठी बंद, जाहीर करू शकतो. हत्यारं आहेत. ती वापरायला पोलिसांना लेखी, नेमकी माहिती लागते आणि ती बहुतेक वेळा कुणी देत नाही. आपण ‘पाळतंय कोण’ म्हणून सोडून देतो, आणि तक्रारच आली नाही म्हणून तिकडे नोंद होत नाही. तुमच्यासारख्या वैमानिकांनी तरी या फेऱ्यात अडकू नये. कॅप्टनने टॉवरला सांगितलं ते ठीक. लेखी अहवाल गेला का? तुमच्या कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे उद्याच चौकशी करा आणि गेला नसेल तर तो द्या.

इथे एक कडू गोष्ट सांगावी लागते. त्या अहवालावर कुणी तुम्हाला विचारलं, ‘तिथे कोण उडवतं हे तुम्हाला माहीत आहे का?’, तर खोटं बोलू नका. तुमच्या कामात खोट्याला जागा नाही आणि हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आपणहून पोराचं नाव घेऊन उद्या ठाण्यात जा, असं मी सांगत नाही. त्याला कळण्याची एक संधी मिळाली पाहिजे. पण विचारल्यावर लपवणं हे तुमच्याकडून होऊ नये.

म्हणूनच बहिणीशी आधी बोला. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे की ‘कुणाचं काय वाकडं झालं का’ या तिच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिल्याचं कुठे दिसत नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात चिकलठाण्यावर उतरताना काय झालं ते तुम्ही तिला सांगितलं का? मला वाटतं नाही सांगितलं. आपल्याकडे वैमानिक झालेली लेक घरच्यांना धोक्याच्या गोष्टी सांगत नाही, घरचे घाबरतील म्हणून. तिच्या डोळ्यांसमोर विमान म्हणजे तुमचा गणवेशातला फोटो आहे. तिला नियम, कलमं, दंड काही सांगू नका. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून एवढंच सांगा की आक्का, त्या दिवशी आम्ही उतरत होतो, मी आत होते, आणि काचेच्या पलीकडून असं काहीतरी गेलं. ते आपल्या पोराचं होतं का नव्हतं मला माहीत नाही. पण त्याचा मोबाइल बघितल्यापासून मला झोप नाही.

तुम्ही दोन एकरांचं ओझं वाहताय हे दिसतं. त्या रानाची किंमत म्हणजे तिचं सगळं ऐकून घेणं, असं तुम्हीच ठरवून टाकलं आहे, तिने ती मागितलेली नसताना. तिने जमीन विकली ती बहिणीने विमान चालवावं म्हणून. ते विमान सुखरूप उतरावं असं तिला तुमच्याइतकंच वाटतं, ते तिच्या लेकराच्या रिमोटशी जोडलेलं आहे एवढंच तिला दिसलेलं नाही. कदाचित ऐकूनही ती रुसेल, दोन महिने फोन घेणार नाही. आईचं मन पोराकडे झुकतं, त्याला तुम्ही-मी काय करणार. तो अबोला सोसा. दाजींशी वेगळं बोला. जमीन विकताना ज्या माणसाने हिशोब केला असेल, त्याला धोक्याचा हिशोब लवकर कळतो असा माझा अनुभव आहे.

भाच्यासोबतच्या त्या रविवारी चार गोष्टी ठरवून घ्या. रील काढून टाकायचं, कारण ते बघून दुसरी पोरं त्याच प्लॉटवर येतील. मूळ फाईल मात्र ठेवायची, ती पुसून टाकायचा सल्ला मी देणार नाही. त्या प्लॉटवर ड्रोन पुन्हा न्यायचा नाही, मित्रांचाही नाही, आणि मित्रांना हे सांगायची जबाबदारी त्याची. ड्रोनची नोंदणी होते का ते त्याने स्वतः पोर्टलवर बसून बघायचं. होत नसेल तर तो पेटीत राहील. ऑनलाइन विकून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही. आणि उडवायची हौस भागवायची तर मोकळं रान पुष्कळ आहे, पैठण रस्त्याने बिडकीनच्या पुढे वगैरे, पण निघण्याआधी नकाशा बघून, आणि जायकवाडीचं धरण, वेरूळ, दौलताबाद असल्या जागा सोडून.

त्यानंतर त्याला पुढची वाट दाखवा. १८ ते ६५ वयाच्या, दहावी पास असलेल्या कुणालाही मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन ड्रोन वैमानिकाचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते १० वर्षं चालतं. मजूर मिळत नाहीत म्हणून फवारणी रखडलेली शेतं मराठवाड्यात कमी नाहीत. ज्या पोराने स्वतः शिकून उतरत्या विमानाचं चित्र धरलं, त्याचा हात स्थिर आहे. तुमच्या फीसाठी रान विकलं गेलं. त्याच्या फीचा थोडा भार तुम्ही उचललात तर आक्कालाही कळेल की तुम्ही तिच्या लेकराच्या विरुद्ध नाही. ही फी अट म्हणून पुढे करू नका. आधी बाकीचं होऊ द्या, मग आपणहून द्या.

लग्नघरातल्या यजमानांना आणि मंगल कार्यालयवाल्यांनाही विनंती आहे. ड्रोनवाल्याला बयाणा देताना ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि त्याचं प्रमाणपत्र मागा, जसं आचाऱ्याला किती माणसांचा स्वयंपाक ते विचारता तसं. विमानतळाजवळ कार्यालय असेल तर ‘इथे ड्रोन चालत नाही’ अशी पाटी लावा. आणि विमानतळाजवळ किंवा हेलिकॉप्टरच्या वाटेत कुणाला ड्रोन दिसला तर दगड मारू नका, उडवणाऱ्याच्या अंगावर जाऊ नका. वरून पडणारा ड्रोन खालच्याच माणसांवर पडतो. उडवणारा बहुतेक वेळा जवळपास मान वर करून उभा असतो. वेळ, जागा, तो कुठल्या दिशेने गेला, गाडीचा क्रमांक टिपा आणि ११२ ला फोन करा.

राहिला शेवटचा प्रसंग, तो येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. एवढं सगळं झाल्यावर भाचा त्या प्लॉटवर पुन्हा दिसला, तर मग मागे बघू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात असाल तर आयुक्तांना, एक विमानतळ संचालकांना. अर्जात प्लॉटची जागा, तारखा, वेळा लिहा, रीलची प्रत जोडा, आपलं नाव आणि तुम्ही वैमानिक आहात हे लिहा, आणि शिक्क्यानिशी पोच घ्या. तो अर्ज देण्याच्या आदल्या संध्याकाळी आक्काला फोन करा आणि सांगा की उद्या मी जाणार आहे. तिला ते पोलिसांकडून कळता कामा नये.